पातळ स्कॅनर आणि वळलेले फोटो: बडोद्यातला वापर, पावसाळा ते उन्हाळा

यूएसबीवर चालणारा, वहीएवढा पातळ सीआयएस स्कॅनर, म्हणजे काचेलगतच सेन्सर असलेला. डीपीआयचे (इंचामागे किती ठिपके) आकडे खोक्यावर आहेतच. कागदपत्रांना उत्तम, वीज नगण्य. जुन्या फोटोंच्या बाबतीत एक खोट आहे, ती मात्र खोक्यावर छापत नाहीत: फोटो काचेला टेकला नाही की धूसर येतो. दोन मिलिमीटरचं अंतरही पुरतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्टुडिओतले फोटो आत वळलेले असतात. पालथे ठेवले की कडा स्वच्छ आणि मधला चेहरा पुसट. सर्व्हिस सेंटरचा सल्ला, ड्रायव्हर परत टाका. ड्रायव्हरचा काय संबंध? सेन्सरची फोकसची खोलीच तेवढी, काचेलगतचंच त्याला स्पष्ट दिसतं. सीसीडी स्कॅनर (आरसे आणि भिंग असलेला, जाड) हे निभावतो, पण किंमत ऐकून उत्साह मावळतो.

झाकण दाबून फोटो सपाट करू नका. कोरड्या हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर आकसतो, फोटो अजून वळतो आणि दाबला की तडकतो. इथल्या एप्रिल-मेमध्ये हे हमखास. पावसाळ्यात फोटो नरम पडतात, पण अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटतात आणि बुरशी धरतात. म्हणून नवरात्र ते दिवाळी हा काळ धरावा.

सेटिंग: ६०० डीपीआय, २४ बिट रंग, टिफ (दर्जा न घटवणारी फाइल). ४×६ इंचाचा फोटो २४००×३६०० पिक्सेल, साधारण २६ एमबी. अग्फा क्लिक थ्रीचे (तो कॅमेरा आपल्या बडोद्यातच बनायचा) ६×६ सेंटिमीटरचे छोटे प्रिंट १२०० वर. ‘डस्ट रिमूव्हल’ बंदच ठेवा, ते नथीतले मोती धूळ समजून पुसतं. रेशमी पोताच्या कागदावर पांढरे ठिपके येतात, कारण दिवा एकाच बाजूने पडतो. फोटो उलटा फिरवून दुसरा स्कॅन घ्या, दोन्ही लेयर जुळवून वरचा ५० टक्के पारदर्शक करा.

महिन्यांच्या वापरानंतर मत बदललं ते क्रमाबद्दल. सगळे आधी पणजोबांचा कृष्णधवल फोटो काढतात. डार्करूममध्ये नीट धुतलेला चांदीचा (कृष्णधवल) प्रिंट अजून थांबू शकतो. घाई आहे ती सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत लग्नांची: सायन (हिरवट निळा) रंग कपाटाच्या अंधारातही उडतो, म्हणून सगळं वऱ्हाड लालसर दिसतं. ते आधी स्कॅन करा. रंग दुरुस्त करायचे ते प्रतीवर, नंतर, सवडीने. मूळ टिफला हात लावायचा नाही. एआय ॲपचा मोह ग्रुप फोटोत तरी टाळा. चेहरा पन्नास-साठ पिक्सेलचा असेल तर ॲप डोळे-ओठ मनाने बनवतं आणि काकांच्या जागी भलताच गृहस्थ उभा राहतो.

मूळ फोटोवर काम करून घ्यायचं ते थर सुटत असेल किंवा बुरशी पसरत असेल तरच, आणि तेही जाणकाराकडून. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट ठेवा. या स्कॅनरवर तो धूसरच येणार. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, कॅमेऱ्यामागे काळं कापड, लेन्स काचेला समांतर, एवढ्यावर मोबाइलनेही काम भागतं.

घरात निगेटिव्ह असतील तर हा स्कॅनर घेऊच नका, झाकणात दिवा नाही. दिवा असलेला घेताना इन्फ्रारेड धूळसफाईचे जादा पैसे फक्त रंगीत निगेटिव्हसाठी मोजा. कृष्णधवलमधली चांदीच त्या किरणांना अडवते, म्हणून चित्रच धूळ समजलं जातं.