टास्क्स डॉट ऑर्ग: मुदत नसलेल्या घरकामांसाठी

दूधवाल्याचा हिशोब, लाइटबिल, विम्याचा हप्ता यांना तारीख असते आणि ती चुकली तर समोरचाच आठवण करून देतो. टाकी धुणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, आरओची कँडल बदलणं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं, डाळीला ऊन दाखवणं, यांचं तसं नाही. ही कामं फिरून फिरून येतात, पण अमुक दिवशीच झाली पाहिजेत असं नसतं, म्हणून ती उद्यावर जातात आणि उद्या काही येत नाही. लातूरच्या आमच्या घरात अशा कामांची यादी लांबलचक आहे. तिच्यासाठी मी अँड्रॉइडवरचं ‘टास्क्स’ हे अ‍ॅप वापरते. टास्क्स डॉट ऑर्गवालं. गूगलचं त्याच नावाचं अ‍ॅप वेगळं आहे, उतरवून घेताना नीट बघा.

घेतलं ते एका सेटिंगसाठी. काम पुन्हा कधी यावं हे सांगताना हे अ‍ॅप विचारतं की मोजणी ठरलेल्या तारखेपासून करायची, की काम प्रत्यक्षात झालं त्या दिवसापासून. बस, एवढंच. पण साध्या कॅलेंडरमध्ये हे नसतं. तिथं ‘दर तीन महिन्यांनी १ तारखेला टाकी धुणे’ असं लिहिलं आणि ती २० तारखेला धुतली, तरी पुढची आठवण आपली १ तारखेलाच उगवते. कॅलेंडरला वाढदिवस कळतात, टाकी कळत नाही.

आणि आमच्याकडं टाकी हा मोठा विषय आहे. शहराचं पाणी मांजरा धरणाच्या भरवशावर. २०१६ च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं. नळ रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घरात साठवण असते. आमच्याकडं खाली हौद, गच्चीवर सिंटेक्सची टाकी, न्हाणीत दोन ड्रम. अशा घरात टाकी धुवायची तर ती रिकामी व्हायची वाट बघावी लागते. भरली टाकी धुण्यासाठी सोडून द्यायची म्हटलं तर सासूबाई मला घराबाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. म्हणजे नळ यायच्या आदल्या दिवशी, तळाला बादलीभर पाणी उरलेलं असताना, हाच एक मुहूर्त. तो कुठल्या तारखेला येईल ते कॅलेंडरला काय, आम्हालाही आधी माहीत नसतं.

टास्क्समध्ये मी हे काम ‘झाल्यापासून तीन महिन्यांनी’ असं टाकलंय. तीन महिने झाले की ते यादीत वर येतं. मी लगेच धुवत नाही. त्या दिवसापासून फक्त टाकीतल्या पाण्यावर नजर ठेवते, तळ दिसला की ब्रश घेऊन उतरते, वर येऊन टिक करते. तिथून पुढचे तीन महिने मोजायला सुरुवात. मधले आठ-दहा दिवस इकडं-तिकडं झाले तरी गणित बिघडत नाही.

एक अडचण आहे. तारीख उलटून गेली की हे अ‍ॅप ती लाल रंगात दाखवतं. उधारी थकल्यासारखं वाटतं. ज्यांना लाल बघून बेचैन व्हायला होतं त्यांनी आधीच मनाची तयारी करावी. मी तिथल्या तारखेला मुदत समजतच नाही, ‘आजपासून लक्ष ठेव’ एवढाच तिचा अर्थ घेते. लाल म्हणजे उशीर झाला असं नाही, मुहूर्त अजून यायचाय.

आता खरी गोष्ट सांगते. हे सगळे दिवस मोजण्याचे प्रकार अर्ध्याच कामांना लागू पडतात. बाकीची अर्धी कामं दिवसांवर चालतच नाहीत, ती वस्तूच्या अवस्थेवर चालतात. इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. ट्युब्युलर बॅटरीत चार्जिंग होताना पाण्याचा वायू होऊन ते कमी होत जातं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला, त्यात वीज सारखी जात-येत राहिली, की पातळी भराभर उतरते. थंडीत तेच पाणी कितीतरी दिवस हालत नाही. मग ‘दर दोन महिन्यांनी पाणी घालणे’ लिहून काय उपयोग? मे महिन्यात ते उशिराचं ठरतं आणि डिसेंबरात नको तेव्हा डिस्टिल्ड वॉटर ओतून अ‍ॅसिड बाहेर यायचं.

म्हणून मी कामाचं नावच बदललं. ‘बॅटरीत पाणी घालणे’ काढून ‘बॅटरीचे फ्लोट बघणे’ केलं. फ्लोट म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी दांडी. महिन्यातून एकदा. बघितलं, दांडी हिरव्यात आहे, टिक. लालाकडं झुकली असेल तर तेव्हाच पाणी घालून मग टिक. दोन्हीकडं काम पूर्णच होतं आणि अ‍ॅपला काही समजावून सांगावं लागत नाही. आरओचंही तेच. मेकॅनिक सांगतो सहा महिन्यांनी फिल्टर बदला, पण नळाचं पाणी असेल तर एक हिशोब, बोअरचं असेल तर दुसरा. बोअरच्या क्षारांनी मेंब्रेन, म्हणजे आरओची मुख्य गाळणी, लवकर चोंदतं. तेव्हा ‘फिल्टर बदलणे’ नाही, ‘टीडीएस मोजणे’. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. छोटा मीटर मिळतो, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा बघायचा आणि तो कामाखालच्या टिपणात लिहायचा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बाहेरचा आकडा दर वेळी थोडा थोडा चढताना दिसला की मेकॅनिकला फोन. त्या टिपणाची जागा मला या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त आवडते. काम पुन्हा उगवतं तेव्हा आधीचं लिहिलेलं तिथंच असतं.

धान्यालाही हेच लावलंय. ज्वारीची कोठी, तुरीची डाळ, हरभरा. ‘सोंडे झालेत का बघणे’. कडुनिंबाचा पाला घातलेला असला तरी पावसाळ्यात हात घालून बघावंच लागतं.

सगळीच कामं अशी सैल सोडता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. साठवणीच्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवसच घेतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खात्याचे लोक दारावर येऊन सांगतात. तिथं ‘झाल्यापासून सात दिवस’ लावलं तर एकदा दोन दिवस उशीर, पुढच्या वेळी आणखी एक, असं घसरत जातं. ड्रम, कूलरचं भांडं, फ्रिजमागचा ट्रे हे सगळं मी ठरलेल्या वारावर ठेवलंय, रविवार म्हणजे रविवार. त्याच अ‍ॅपमध्ये तेही जमतं, फक्त मोजणीचा पर्याय दुसरा निवडायचा. ड्रम रिकामा करणं पाण्याच्या तंगीत जिवावर येतं, म्हणून त्यातलं पाणी गाळून दुसऱ्या ड्रममध्ये घेतो आणि पहिला घासून पालथा घालतो.

घरात दुसरं माणूस असलं की एक वेगळाच घोळ होतो. सासूबाई फोन वापरत नाहीत, पण कामाला वाघ आहेत. मी शाळेतून येऊन यादी बघते, तोवर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी पडलेलं असतं. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नीट लागत नाही, हे त्यांना कुठल्या अ‍ॅपनं सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, “परवाच टाकलं की. तुझ्या मोबाइलला कळलं न्हाई का?” कळत नाही. अ‍ॅप टिक केलेला क्षणच धरतं, म्हणून पुढची तारीख हातानं मागं घ्यावी लागते. खड्ड्याच्या बाबतीत दोन दिवसांनी काही होत नाही, तिथं मी नादच सोडलाय.

दुसरी अ‍ॅपंही आहेत. ‘टोडी’ खास साफसफाईसाठी आहे. त्यात तारखांऐवजी प्रत्येक कामाची पट्टी हिरव्याची हळूहळू लाल होत जाते, आणि नुसतं झाडू-पोछा, बाथरूम, पंखे एवढंच असेल तर ते डोळ्याला सोपं आहे. मला त्यात बॅटरी आणि टीडीएस कोंबावंसं वाटलं नाही. ‘टुडुइस्ट’मध्ये इंग्रजीत ‘एव्हरी’ लिहून त्याला उद्गारचिन्ह जोडलं की तेच ‘झाल्यापासून’ मोजणं होतं. ऑफिसची कामं आधीच त्यात असतील तर नवीन काही घेऊ नका.

टास्क्स मूळ वापराला फुकट आहे, काही जादा सोयींना वर्गणी लागते, मला लागली नाही. इंटरनेट नसलं तरी यादी फोनमध्येच राहते, मराठीत नावं लिहिता येतात. भरवसा वाटायचं आणखी एक कारण. हे अ‍ॅप ‘अ‍ॅस्ट्रिड’ नावाच्या जुन्या कामांच्या यादीच्या अ‍ॅपच्या खुल्या कोडमधून आलंय, म्हणजे कुणालाही घेऊन पुढं चालवता येईल अशा कोडमधून. अ‍ॅस्ट्रिड २०१३ मध्ये याहूनं विकत घेतलं आणि त्याच वर्षी ते बंद झालं, पण कोड खुला होता म्हणून त्याचं हे रूप अजून चालू आहे. पाच वर्षांनी बदलायची गॅसची नळी ज्या यादीत लिहायची, ती यादी पाच वर्षं टिकायला नको का?

आठवण वाजत नसेल तर आधी फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग तपासा, ती मागं चालणाऱ्या अ‍ॅपना झोपवते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मोसमी कामांसाठी. कूलरचा वाळा बदलणं, पंप काढून जाळी धुणं, ही कामं उन्हाळ्यापुरतीच. मला हवं होतं की पाऊस लागला की ती आपोआप झोपावीत आणि होळीच्या सुमारास जागी व्हावीत. ‘अमुक महिने गप्प बस’ असं सांगायची सोपी जागा मला सापडली नाही, म्हणून मृग लागला की मी तारीख हातानं पुढं ढकलते. फोनला फाल्गुन कळत नाही, तेव्हा १ मार्च टाकलाय.