ग्रेडलचे कन्व्हेन्शन प्लगिन: अनेक प्रोजेक्ट, एकच बिल्ड-मांडणी

जावाची आवृत्ती, कंपायलरचे पर्याय, चाचण्यांची मांडणी आणि तयार जार (जावा कोडची बांधलेली फाइल) प्रकाशित करण्याचे तपशील दहा-बारा प्रोजेक्टांच्या बिल्ड फाइलींत शब्दशः तेच असतील, तर एक ओळ बदलायची म्हणजे दहा-बारा ठिकाणी हात घालणे आले आणि त्यांपैकी एखादे ठिकाण विसरणेही ओघाने आलेच. या दुखण्यावर ग्रेडल या बिल्ड-साधनाने दिलेला उपाय म्हणजे कन्व्हेन्शन प्लगिन: सामाईक मांडणी एकदाच लिहायची आणि हव्या त्या प्रोजेक्टला लावायची. बराच काळ वापरल्यावर माझे मत त्याच्या बाजूने झाले आहे, मात्र काही अटींसह.

मेव्हन या दुसऱ्या बिल्ड-साधनात हेच काम पॅरेंट पॉम करतो, म्हणजे ज्याची मांडणी इतर पॉम (मेव्हनच्या बिल्ड फाइली) वारशाने घेतात तो पॉम. पण एका पॉमला पालक एकच असू शकतो, त्यामुळे एखाद्या फ्रेमवर्कचा पॅरेंट स्वीकारला की आपल्या संस्थेच्या पॅरेंटला थेट जागा उरत नाही. इम्पोर्ट स्कोपने दुसरा पॉम आत घेता येतो खरा, परंतु त्यातून डिपेंडन्सींच्या (प्रोजेक्ट वापरतो त्या बाहेरच्या लायब्ररींच्या) आवृत्त्या तेवढ्या येतात, प्लगिनांची मांडणी येत नाही. ग्रेडलमध्ये मात्र एका मॉड्यूलला (प्रोजेक्टच्या उपभागाला) हवी तितकी प्लगिन लावता येतात, आणि ती लिहिणेही अवघड नाही: नेहमीच्या बिल्ड स्क्रिप्टसारखीच फाइल लिहायची, तिच्या नावावरून प्लगिनची ओळख ठरते. ग्रेडलच्या जुन्या पद्धतीत मूळ फाइलीतल्या ‘सबप्रोजेक्ट्स’ ब्लॉकमधून मुलांवर, म्हणजे उप-मॉड्यूलांवर, लादलेली मांडणी मुलाची फाइल वाचून कळत नसे. येथे प्रत्येक मॉड्यूल आपण काय वापरतो ते स्वतःच सांगते.

ही प्लगिन प्रोजेक्टमधल्याच ‘बिल्डएसआरसी’ या खास फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तेथील लहानसा बदलही सर्व बिल्ड स्क्रिप्टच्या क्लासपाथवर (त्या ज्या कोडच्या आधाराने चालतात त्याच्या यादीवर) जाऊन पोहोचतो. त्यापेक्षा ग्रेडल 3.1 पासून उपलब्ध असलेली कॉम्पोझिट बिल्डची सोय उत्तम. प्लगिनचा स्वतंत्र बिल्ड मुख्य बिल्डमध्ये जोडता येतो. शेजारच्या फोल्डरमधली त्याची अप्रकाशित प्रत ‘इन्क्लूड-बिल्ड’ हा पर्याय देऊन खऱ्या प्रोजेक्टवर तपासून पाहता येते. मला या साधनात सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच.

प्रोजेक्ट वेगवेगळ्या रिपॉझिटरींत असले की प्लगिन प्रकाशित करावे लागते आणि तेथे खरी शिस्त लागते. आम्ही आळसाने सर्वत्र त्याची स्नॅपशॉट, म्हणजे त्याच नावाखाली आशय बदलत राहणारी, आवृत्ती लावली होती. एके दिवशी कोणीतरी सामाईक प्लगिनमध्ये कंपायलरच्या सूचनांना चुका मानण्याचा पर्याय चालू केला, आणि ज्यांत कोणी एक अक्षरही बदलले नव्हते असे चार प्रोजेक्ट कोसळले. त्यातही गंमत अशी, की ग्रेडल स्नॅपशॉट मुळात 24 तास कॅशमध्ये राखून ठेवते. त्यामुळे दरवेळी कोऱ्या यंत्रावर चालणारा सर्व्हरवरचा बिल्ड पडत होता आणि आमच्या यंत्रांवर तोच बिल्ड निर्धास्त चालत होता. दोष साधनाचा नव्हे, आमचाच. तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्ट निश्चित आवृत्ती लिहितो आणि स्वतःच्या सवडीने पुढच्या आवृत्तीवर जातो.

डिपेंडन्सींची नावे आणि आवृत्त्या एकत्र नोंदवणारी ग्रेडलची यादी म्हणजे व्हर्जन कॅटलॉग. त्याबद्दल मात्र माझा उत्साह बेताचा आहे. 2022 मध्ये आलेल्या ग्रेडल 7.4 पासून तो स्थिर झाला, आणि सर्व आवृत्त्या टॉमल या साध्या मजकूर-स्वरूपातल्या एका फाइलीत पाहणे सुखद आहे, यात शंका नाही. परंतु कॅटलॉग केवळ नावे पुरवतो, आवृत्त्यांची सक्ती करत नाही. दुसऱ्या एखाद्या डिपेंडन्सीमागून वरची आवृत्ती आली तर तीच निवडली जाऊ शकते, आणि ते रोखायचे तर सक्तीचा प्लॅटफॉर्म (आवृत्त्या बांधून देणारी सामाईक यादी) किंवा काटेकोर आवृत्ती-अट वापरावी लागते. शिवाय स्क्रिप्टरूपात लिहिलेल्या कन्व्हेन्शन प्लगिनच्या आत कॅटलॉगमधल्या नोंदींकडे नेणारे ‘लिब्स’ हे सोयीचे नाव थेट मिळत नाही, डिपेंडन्सी मजकुराच्या रूपात नावाने शोधावी लागते, आणि टायपिंगमधली चूक एडिटरऐवजी बिल्ड चालवल्यावर उघड होते. सामाईक मांडणीसाठीच असलेली ही दोन साधने एकमेकांशी इतकी अवघडून वागावीत, हे खटकते.

दोन-तीन मॉड्यूलांच्या एकट्या प्रोजेक्टसाठी हा व्याप करू नये. आमच्याकडे सध्या तीन प्लगिन आहेत: लायब्ररीसाठी एक, सेवांसाठी एक आणि प्रकाशनासाठी एक. एका प्रोजेक्टच्या अपवादासाठी सेवांच्या प्लगिनमध्ये एक स्विच घालावा, अशी मागणी अधूनमधून येते. तो अपवाद त्या प्रोजेक्टने आपल्याच बिल्ड फाइलीत लिहावा, असे उत्तर मी अजून तरी देत आलो आहे.