एंडोटॉक्सिन आणि सुपरअँटिजेन : शॉककडे नेणाऱ्या दोन वाटा

ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे वेगळे तयार करून सोडलेले विष नसून त्यांच्या बाह्य आवरणाचाच घटक असते. जिवाणू फुटला की ते रक्तात मिसळते आणि त्यातील लिपिड-ए हा भाग मॅक्रोफेज या जिवाणू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहीमार्फत ओळखला जातो. हा दुवा ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उलगडला. पुढे टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायने उसळतात, रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि रक्तदाब कोसळतो; हाच शॉक.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे टीएसएसटी-१ हे सुपरअँटिजेन, म्हणजे टी-पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) सरसकट चेतवणारे विष, मात्र जिवंत जिवाणूने बाहेर सोडलेले प्रथिन आहे. प्रतिजन (परक्या पदार्थाचा तुकडा) दाखवणारी पेशी आणि टी-पेशी यांना ते प्रतिजन बसण्याच्या नेहमीच्या खाचेबाहेरूनच एकमेकींशी जखडते; त्यामुळे एरवी १०,००० टी-पेशींमागे जेमतेम एखादी जागी होते, तिथे २० टक्क्यांपर्यंत पेशी एकदम चेतवल्या जाऊ शकतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांच्या लाटेतून शॉक येतो. ही वाट मला अधिक फसवी वाटते, कारण जिवाणू एखाद्या लहानशा जखमेतच दडून राहतो आणि रक्ताचे कल्चर (रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी) बहुधा निगेटिव्ह येते. म्हणूनच येथे संसर्गाची जागा शोधून साफ करणे अत्यावश्यक ठरते, आणि विषनिर्मिती रोखणारे क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक सहसा जोडीला दिले जाते.