शिकवणं सुधारायचंय: एनपीटीईएलचा कोर्स की पाच दिवसांची कार्यशाळा?

सेमिस्टर संपत आलं की इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नव्या सहकाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो: एफडीपी (शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण) ऑनलाइन करू, की रजा घेऊन प्रत्यक्ष कार्यशाळेला जाऊ? मी दोन्ही केल्या आहेत. आपला विषय पक्का करायचा असेल तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स, हेच घ्या, त्यात दुमत नाही. इथे बोलतोय ते शिकवण्याच्या कौशल्याबद्दल.

सोय बघितली तर ऑनलाइनचं पारडं जड आहे. ८ आठवड्यांचा कोर्स एका आठवड्याची एफडीपी म्हणून धरला जातो, १२ आठवड्यांचा दीड आठवड्याची. ड्यूटी लीव्हसाठी विभागप्रमुखांची मनधरणी करावी लागत नाही. शिवाय जुलैचं सत्र आपल्या सेमिस्टरबरोबरच चालतं, म्हणजे रविवारी ऐकलेलं सोमवारी वर्गात करून बघता येतं. ही संधी कार्यशाळेत नाही, आणि ती मला फार मोलाची वाटते. ७५ गुणांची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, त्यामुळे सर्टिफिकेटलाही वजन आहे.

मला खटकत राहिली ती एकच गोष्ट: आपण शिकवताना कोणी बघतच नाही. उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं १९७०च्या दशकातलं निरीक्षण प्रसिद्ध आहे. ऑनलाइन असाइनमेंटमध्ये 'किती थांबावं?' अशा प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर खूण केली की गुण मिळतो आणि विषय संपतो.

कार्यशाळेतल्या मायक्रोटीचिंगमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांनाच विद्यार्थी मानून थोडा वेळ शिकवण्याच्या सरावात, तसं सुटता येत नाही. आमच्या गटात मेकॅनिकलचे एक सर बेंडिंग मोमेंट (तुळई वाकवणारा बलाचा परिणाम) शिकवत होते. "समजलं का?" असं विचारून ते लगेच फळ्याकडे वळले. निरीक्षणाला बसलेल्या मॅडमनी घड्याळ लावलं होतं. त्यांनी सरांना तेवढाच भाग पुन्हा घ्यायला लावला आणि प्रश्नानंतर गप्प उभं राहायला सांगितलं. ते तीन सेकंद सरांना किती जड गेले, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण दुसऱ्या सेकंदानंतर मागच्या बाकावरून शंका आली, आणि ती नेमकी अधिक-उणे चिन्हांच्या गोंधळाची होती. सेमिस्टर सुरू झाल्यावर मी वर्गात थांबायला शिकलो, ते हे बघितल्यामुळे.

घरी लहान मूल असेल किंवा कॉलेज रजाच देत नसेल, तर ऑनलाइन कोर्स जरूर करा. त्यातूनही बरंच हाती लागतं. पाच दिवस काढता येत असतील तर मात्र मी कार्यशाळेकडे झुकेन. महाराष्ट्र-गोव्यातल्या आपल्यासारख्यांना भोपाळचं एनआयटीटीटीआर (तंत्रशिक्षणातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था) आहे, जवळपासच्या कॉलेजांतही कार्यशाळा होतात. फक्त नाव नोंदवण्याआधी वेळापत्रक मागवून घ्या. मायक्रोटीचिंगला निदान दोन सत्रं दिलेली हवीत. उद्घाटन, तज्ज्ञांची भाषणं आणि समारोप एवढंच दिसलं, तर रजा वाचवा आणि एनपीटीईएलला नाव घाला.