लिव्हरवाले वायर कनेक्टर: मे ते डिसेंबर वापरून काय वाटलं

खानापूरजवळ आमचं जुनं कौलारू घर, पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात. वायरिंगच्या सगळ्या बॉक्सात पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट, उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळायचा आणि पावसात टेप सुटायची. एप्रिलात न्हाणीघरात जळका वास आला म्हणून बघतोय तर गिझरमागची प्लास्टिकची कनेक्टर पट्टी वितळून गोळा झालेली. वायरमन अण्णा म्हणाले, स्क्रू ढिला पडला की रेझिस्टन्स वाढतंय, गरम होतंय, आणि गरम झालं की अजून ढिलं होतंय. 2000 वॅटचा गिझर म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर, चेष्टा नव्हे.

गिझरला अण्णांनी चिनी मातीचा कनेक्टर बसवला, तिथं उष्णता असते म्हणून तोच बरा. बाकी घरासाठी मी वागो कंपनीचे 221 मॉडेलचे लिव्हरवाले कनेक्टर आणलो, दोन, तीन आणि पाच भोकांचे. लिव्हर वर करायचा, वायर घालायची, लिव्हर दाबायचा, संपलं. मेन मात्र आधी ऑफ, हे सांगायला लागू नये. आमचे 4 स्क्वेअर एमएमपर्यंतच्या वायरीचे आहेत, 32 अँपिअरचे. बॉडी पारदर्शक असल्यानं वायर आतपर्यंत गेली की नाही दिसतंय. सोलायची बरोबर 11 मिलिमीटर, कनेक्टरवरच माप दिलंय. मी पहिल्या दिवशी अंदाजानं सोललो, तांबं बाहेर डोकवायलं, सगळे परत काढून केलो.

आठ महिन्यांत एकदापण गरम नाही, इस्त्री आणि मिक्सर एकाच लाइनवर चालतात तरी. जुलैचा पाऊस झाल्यावर दोन बॉक्स उघडून बघितलो, आत तांबं तसंच लाल.

पण खडे बाजारात स्वस्तात मिळालेले, तसलेच दिसणारे सहा तुकडे पण आणलो होतो, नाव नसलेले. त्यातल्या दोघांचा लिव्हर तिसऱ्यांदा उघडल्यावर सैल पडला, वायर ओढली की हातात. पैसे पाण्यात! तसले घ्यायचेच असतील तर बसवल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा.

माजघरातली जुनी वायर अ‍ॅल्युमिनियमची. ती तांब्याला नुसती पिळली की काळी पडते. वागोवाले तिच्यासाठी वेगळी पेस्ट लावायला सांगतात. मी ती भानगड न करता ती लाइनच बदलून घेतलो.

विहिरीवरच्या मोटारीला हे लावायचा मोह झाला होता, अण्णांनी हात धरला. हे वॉटरप्रूफ नाहीत बघा. शिवाय मोटार सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. तिथं वायरीच्या टोकांना तांब्याचे थिंबल, म्हणजे टोपणं, दाबून घट्ट करून, वर गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवून, ग्लँडवाल्या, म्हणजे वायर शिरते तिथं घट्ट बूच असलेल्या, बंद बॉक्सात जोडले. काम वेळखाऊ, पण ओल लागत नाही.

एकच तक्रार, जुन्या गोल बॉक्सात पाच भोकांचा कनेक्टर बसतच नाही, झाकण लागता लागत नाही. तीनचेच जास्त घ्या. आमचे उरलेले कपाटावर ठेवलेत, पोरं लिव्हर टकटक वाजवत बसायलेत.