लाँग आर्म स्टेपलर, वर्षभर वापरून : यंत्र ठीक, स्टॉपर भिकार

स्टॉपरचा स्क्रू परवा कायमचा गेला म्हणून लिहायला बसले. तोंडाची खोली 30 सेंटीमीटर, पिना 24/6 आणि 26/6, क्षमता 25 कागद, हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही.

आम्ही काही जण सोलापुरातून कलांना वाहिलेलं एक छोटं अनियतकालिक काढतो. प्रत्येक अंकाला एक विषय. छपाई प्रेसमध्ये होते, घड्या आणि पिना माझ्या घरी, फरशीवर सतरंजी टाकून. शिलाईवाला प्रतीमागे तीन रुपये सांगत होता, वर तीनशेच्या खाली हात लावणार नाही म्हणाला. आम्ही काढतो अडीचशे. न शिवलेल्या पन्नास प्रतींचे पैसे मी का द्यायचे? हे यंत्र हजार-बाराशेला आलं आणि दोन अंकांत वसूल झालं. या एका मुद्द्यावर मी ते कुणालाही घ्यायला सांगेन.

ए-फोर कागद मधोमध दुमडला की घडी कडेपासून 14.85 सेंटीमीटरवर येते. टेबलावरच्या साध्या स्टेपलरचं तोंड तिथवर पोचत नाही, हा पोचतो. दाबायला हलका आहे, माझ्या मनगटालाही झेपतो. बूड जड असल्यामुळे सरकत नाही. वर्षभरात पीन अडकली असेल तीही क्वचित, आणि तेव्हासुद्धा मी स्वस्तातल्या पिना आणल्या होत्या.

आता स्टॉपर. कागद किती आत सरकवायचा ते ठरवणारा तो प्लास्टिकचा तुकडा. पट्टीवर हवा तिथे सरकवायचा आणि खालून स्क्रू आवळायचा. वीसेक प्रती झाल्या की तो गुपचूप दोन मिलिमीटर मागे जातो. दोन मिलिमीटर म्हणजे काय ते ज्यांनी हाताने अंक शिवलाय त्यांना विचारा! पीन घडीवरून घसरते, अंक नीट उघडत नाही आणि मधलं पान एका बाजूला तिरकं लोंबतं. शिवाय पिनेचे पाय वळतात ते नेमके मधल्या जोडपानावर, आणि तिथेच आम्ही अंकातलं सगळ्यात मोठं चित्र छापतो. गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, तिच्यावरच्या ‘गड्डा’ अंकात तिथे नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीचं चित्र होतं. स्टॉपर हलला आणि कितीतरी प्रतींत पीन ध्वज पेलणाऱ्या माणसाच्या नाकातून गेली. चित्रकार म्हणाला, “ताई, मी त्याला नथ घातली नव्हती.”

हेल्पलाइनला फोन केला. बदलून घ्यायची मुदत संपली होती. मला यंत्र बदलून नकोच होतं, फक्त स्टॉपर हवा होता. तो सुटा मिळत नाही म्हणे. यंत्र पुण्याला पाठवा, बघतो, पाठवायचा आणि परत मागवायचा खर्च तुमचा. मी खर्चाचा हिशोब विचारला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “तुमच्याकडे गरमी जास्त असते ना मॅडम, त्यामुळे प्लास्टिक सैल होत असेल.” आमच्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो, हे खरं. फोन जानेवारीत केला होता. त्याच दिवशी मी मनातल्या मनात एक तारा देऊन टाकला.

मत थोडं बदललं ते ‘पाणी’ अंकाच्या वेळी. सोलापुरात हा विषय जाहीर करणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. ज्याच्या घरी नळ काही दिवसांआड येतो, त्या प्रत्येकाकडे लिहायला काहीतरी असतंच. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही भाषांतून मजकूर आला. पानं झाली 72. चारच्या पटीत बसतात म्हणून मी खूश. 72 पानं म्हणजे 18 कागद, 100 जीएसएमचे, वर 300 जीएसएमचं मुखपृष्ठ. (जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड.) खोक्यावरचे 25 कागद असतात 70 जीएसएमचे. त्या हिशोबाने आमचा अंक तिसाच्या घरात गेला. पिनेचे पाय आत वाकायचे आणि मागच्या बाजूला टोकच निघायचं नाही. वर आतल्या घड्या बाहेरच्या कडेला दोन मिलिमीटर पुढे आलेल्या, म्हणजे कटिंगचा खर्च वेगळा.

शेवटी अंक 56 पानांवर आणला आणि मुखपृष्ठ 250 जीएसएमचं घेतलं. टँकरवरच्या कविता डझनभर होत्या, त्यातल्या तीन ठेवल्या. आधी मी चिडले होते. पण अंक हातात आला तेव्हा तो आमचा आजवरचा सगळ्यात चांगला अंक होता आणि त्याचं श्रेय संपादक मंडळाला देता येत नाही, कारण मंडळाला एकही कविता गाळवत नव्हती. आता विषय ठरला की पानांची हद्द मी आधीच सांगते आणि बोट स्टेपलरकडे दाखवते. साठच्या दशकातली कितीतरी अनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर, निघायची, त्यांचीही पानं असंच एखादं यंत्र ठरवत असणार.

स्टॉपर मात्र मी माफ केलेला नाही. स्क्रूचे आटे गेल्यावर यंत्र घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात गेले. तिथल्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, ते उलटंपालटं केलं. “याला प्लास्टिक कशाला लावलेत हो? पत्री बसवू की.” भंगारातली लोखंडी पट्टी कापली, काटकोनात वाकवली, भोक पाडून नट-बोल्टने आवळली. पन्नास रुपये घेतले. त्यावर ‘यंत्रमाग’ अंकाची अख्खी थप्पी शिवली, पट्टी केसभर हलली नाही. जे पन्नास रुपयांत आणि चहा निवायच्या आत झालं, ते कंपनीला कारखान्यात का जमू नये?

उर्दूची पानं मागच्या बाजूने सुरू होतात, म्हणून आमच्या अंकाला दोन मुखपृष्ठं. शिवताना त्याने काही फरक पडत नाही, घडी एकच. मुखपृष्ठ घडीवर तडकत असेल तर स्टेपलरला शिव्या देऊ नका. प्रेसला कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर ठेवायला सांगा.

तारे तीन, त्यातला एक जॉबरचा. आणि 23 नंबरच्या पिना याला बसत नाहीत. दुकानदार बसतात म्हणेल, पाकीट घरी आणलं की परत घेणार नाही.