दहा महिने वापरल्यावर: चाकांचा गंज रोखणारं सामान आणि सोलापूरचं पाणी

मे ते फेब्रुवारी असा हा वापर आहे. गाड्या दोन. एक 100 सीसीची, सहा वर्षं जुनी, तारांची चाकं, क्रोम केलेल्या लोखंडी रिम, पुढं-मागं ड्रम ब्रेक. दुसरी 150 सीसीची, काळ्या रंगाची अलॉय चाकं, पुढं डिस्क. दोन्ही रोज चालतात: होटगी रोड, अक्कलकोट रोड एमआयडीसी, महिन्यातून एखादी पंढरपूर फेरी. सामान असं: पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, चाकांसाठी मिळतो तो आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढणारा द्रव), डबीतलं कार्नोबा (पामच्या पानांपासूनचं) मेण, गंजरोधक स्प्रे आणि कॉम्प्युटर साफ करायला वापरतात तसला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर. कंपन्यांची नावं देत नाही, कारण प्रत्येक प्रकारात तीन-चार कंपन्यांचा माल मिळतो आणि फरक पडतो तो लावण्याच्या पद्धतीनं.

निकाल आधीच सांगायचा तर मेण आणि ब्लोअर यांनी पैसे वसूल केले. शाम्पू ठीक. स्प्रे फक्त तारांसाठी. आयर्न रिमूव्हर ड्रम ब्रेकच्या गाडीला घेऊच नका.

सोलापुरात समुद्र नाही, हवा कोरडी, मग गंज येतो कुठून, असं पुष्कळ जण विचारतात. येतो तो धुण्याच्या पाण्यातून आणि काळ्या मातीतून. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप; टीडीएस 1000 असलेल्या लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम क्षार असतात. ते पाणी चाकावर उन्हात वाळलं की पाणी उडतं, क्षार तिथंच राहतात. बोअरच्या पाण्यानं दर रविवारी गाडी धुवायची आणि तशीच उन्हात सोडायची, म्हणजे दर आठवड्याला क्षारांचा एक हात मारल्यासारखं. काळी माती त्याहून वाईट. ती निपलच्या (तार रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या) खाचेत आणि हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, तारा एकमेकींवरून जातात तिथं चिकटते, वरून वाळून भाकरीसारखी दिसते, पण आत दिवसचे दिवस ओल धरून असते. आपल्याकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि गंजाचे नवे ठिपके दिसतात ते दसऱ्याच्या आसपास. त्यामागचं कारण हेच.

क्रोमची रिम गंजते कशी, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. वरचा चकचकीत क्रोमचा थर मायक्रॉनच्या काही दशांशाएवढाच असतो. त्याखाली निकेल, त्याखाली लोखंड. वरच्या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतातच. निकेलला कुठं छिद्र किंवा ओरखडा पडला की ओल लोखंडापर्यंत जाते, आणि गंज फुगून क्रोमला खालून उचलतो. म्हणून तपकिरी ठिपका पुसला तरी महिनाभरात तिथंच परत येतो. ठिपका पुसायचा आणि त्या छिद्राचं तोंड मेणानं बुजवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. क्रोम परत उगवत नाही.

आता धुणं. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. मे महिन्यात दुपारी काळ्या अलॉयला हात लावता येत नाही, शाम्पू पुसायच्या आधीच वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची चाकंही अर्धा तास थंड होऊ द्या. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत फडकं लावणारे भेटतात. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात पाईप सोडून गाडी धुणं परवडत नाही, आणि गरजही नाही. कुंड्यांना फवारायचा 2 लिटरचा हातपंप घ्या. आधी दोन्ही चाकांवर नुसतं पाणी फवारून 10 मिनिटं थांबा. माती भिजून मऊ झाल्याशिवाय ब्रश लावू नका, कोरडी माती घासणं म्हणजे सँडपेपर मारणं. परत फवारा, माती आपसूक निथळेल. मग 5 लिटर पाण्यात 20 मिली शाम्पू. निपल आणि हबसाठी जुना टूथब्रश, तारांसाठी बाटली धुवायचा लांब ब्रश, अलॉयच्या आऱ्यांसाठी जुना मऊ मोजा हातात घालून. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा. दोन चाकांना सगळं मिळून 12 लिटर पुरतं.

शेवटच्या पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरणं काटकसरीचं वाटतं, पण त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. गाळून काढलेले क्षार तिकडंच तर जातात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तसंच, वाफ उडून उडून ते घट्ट झालेलं असतं. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीभर साठवून, फडक्यातून गाळून शेवटच्या फवाऱ्याला वापरलं की काळ्या अलॉयवर एक पांढरा ठिपका राहत नाही. एसी नसेल तर बोअरऐवजी नळाचं पाणी, आणि लगेच पुसणं.

पुसायला मायक्रोफायबर आणायची गरज नाही, सोलापुरात टॉवेलला काय तोटा! फक्त नवा टॉवेल घेऊ नका. त्यातली खळ निघेपर्यंत तो पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडं ढकलतो. दोन-तीनदा धुतलेला, लूप मऊ झालेला टॉवेल घ्या आणि त्याची शिवलेली कड कापून टाका. चकचकीत काळ्या रंगावर बारीक ओरखडे पडतात ते त्या कडेनंच. मागच्या चाकाचा चेनकडचा टॉवेल वेगळा ठेवा.

टॉवेल जिथं पोचत नाही तिथं ब्लोअर. 36 तारा म्हणजे 36 निपल, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक थेंब. ब्लोअर नसताना चाक पुसून कोरडं दिसतं, पण गाडी दहा पावलं नेली की निपलमधून पाणी रिमवर ओघळतं. तीन-चार मिनिटं एका चाकाला, निपल, व्हॉल्व्हचा नट, अलॉयच्या हबमागची खोबणी. हवा भरायच्या दुकानातला कॉम्प्रेसर या कामाला चालेलसं वाटतं, पण त्या टाकीचं पाणी रोज काढलेलं नसेल तर हवेबरोबर ओलच येते. ब्लोअर नसेल तर किलोमीटरभर हळू चालवून, ब्रेक हलकेच लावत आणा आणि परत एकदा टॉवेल फिरवा. डिस्क आणि ड्रमही त्यानं वाळतात.

मागच्या चाकावर चेन ल्यूबचे काळे शिंतोडे शाम्पूनं जात नाहीत. रॉकेल आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर चमचाभर घेऊन पुसायचं, टायरला न लावता, आणि लगेच शाम्पू. थिनर चुकूनही नको, तो अलॉयचा रंग सुरकुतवतो. पेट्रोलही नको. शिंतोडे जास्त उडत असतील तर दोष चाकाचा नाही: ल्यूब जास्त लागतंय, किंवा लावून लगेच गाडी काढली जातेय. रात्री लावा, अर्ध्या तासानं जादा पुसा.

आयर्न रिमूव्हर डिस्कच्या गाडीवर दोन महिन्यांतून एकदा, पुढच्या चाकालाच. डिस्क आणि पॅडमधून झडलेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात, त्यांच्याशी संयोग झाला की द्रव जांभळा होतो. वास सडक्या अंड्यासारखा, उघड्यावरच वापरा. 30 मिली पुरतो, 3 ते 4 मिनिटं, वाळू द्यायचा नाही. जांभळा रंग म्हणजे जादू नव्हे. दुसऱ्या वेळी जांभळं कमी झालं तर ते चांगलंच लक्षण आहे, माल नकली नाही. तारांच्या चाकावर तो वाया जातो, कारण ड्रमची भुकटी बहुतेक आतच राहते, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या तारांवर असली रसायनं मारूही नयेत.

आता मेण. रिम पूर्ण कोरडी हवी. जुने ठिपके असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. तपकिरी-काळा लगदा निघतो, तो पुसून घ्या. भांड्याची तारेची घासणी लावली तर गंज जाईल आणि क्रोमही जाईल. मग हरभऱ्याएवढं मेण पाव रिमला, पातळ. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त खाचांत पांढरा राहतो. दहा मिनिटांनी टॉवेलनं चोळा. डिस्कवर, ब्रेकच्या ड्रमच्या आतल्या बाजूला आणि टायरच्या धावेवर मेणाचा कणही जाता कामा नये. डिस्कवर बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

उन्हाळ्यात हे मेण रिमवर पाच-सहा आठवडे टिकलं, हबवर जेमतेम दोन. सप्टेंबरात तीन आठवड्यांनी पाण्याचे मणी बनणं बंद झालं, म्हणजे परत लावायची वेळ. दहा महिन्यांत जुन्या रिमवर नवे ठिपके मोजून चार आले, चारही निपलच्या भोकांच्या कडेला. रिमच्या तोंडावर एकही नाही. 100 ग्रॅमची डबी अजून अर्धी आहे.

गंजरोधक स्प्रेबद्दल मत थोडं थंड आहे. डबा थेट चाकावर मारला की निम्मा टायरवर आणि ब्रेककडं उडतो. जुन्या ब्रशवर फवारून तार-तार रंगवा, चाकाला अंदाजे 10 मिली, तासाभरानं कोरड्या फडक्यानं जादा पुसा. न पुसता सोडलं तर होटगी रोडची धूळ बसून तारा मखमली होतात. अलॉयवर तर हा नकोच. पाणी उडवणारा साधा पातळ स्प्रे आणि हा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पातळ स्प्रे काही दिवसांत उडून जातो. निपल आणि तार मिळतात तिथं दर तीन महिन्यांनी पातळ तेलाचा एकेक थेंब मात्र सोडा. निपल गंजून धरलं की चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना तार तुटते.

खरा गंज रिमच्या आत असतो, आणि तो बाहेरून कितीही मेण लावलं तरी दिसत नाही. व्हॉल्व्हच्या भोकातून आणि निपलमधून पाणी आत जातं, ट्यूब आणि रिमच्या मधल्या रबरी पट्टीखाली साठतं, गंजाचे खवले ट्यूब घासतात आणि खिळा न सापडणारं पंक्चर होतं. टायर बदलताना पंक्चरवाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगा. पट्टी काढा, तारेच्या ब्रशनं खवले काढा. लोखंड पांढरं स्वच्छ निघालं तर झिंक स्प्रेचे दोन पातळ हात. गंज मुळापासून निघत नसेल तर झिंक उपयोगाचं नाही, ते उघड्या लोखंडालाच धरतं; तिथं फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारा द्रव), बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ वाळवून वर साधा ऑइल पेंट. पट्टी नवीच टाका. ट्यूबलेस अलॉयला हाच त्रास कडेला होतो: टायर बसतो तिथं पांढरी भुकटी धरते आणि आठवड्याला चार-पाच पीएसआय हवा उतरते. हिरव्या स्क्रबरनं कड गुळगुळीत करायची, चाकूनं खरवडायची नाही.

काही गोष्टी टाळण्याच्या. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते, अलॉयचा रंग जिथं टवका उडून निघालाय तिथं ती ॲल्युमिनियम खाते. संडासाचं ॲसिड क्रोम विरघळवतं, पहिल्या दिवशी रिम लखलखते आणि पंधरवड्यात लाल होते. क्षाराचे जुने डाग काढायला स्वयंपाकाचं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म, एक मिनिट, मग भरपूर पाणी. तेही क्रोम आणि रंगावरच, तारांवर नाही. वॉशिंग सेंटरवर गेलात तर हबपासून नोझल दोन फूट लांब ठेवायला सांगा, नाहीतर सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये जातं. आणि धुऊन झाल्यावर खालून डिझेल-ऑइल मारायची पद्धत आहे, तिला आधीच नाही म्हणा. चकाकी दोन दिवस राहते, मग धूळ बसून काळी चिकट पेस्ट, शिवाय टायरला आणि ब्रेकला धोका.

ऊस गळीत सुरू झाला की कारखान्यांच्या रस्त्यांवर रस आणि मळी सांडलेली असते. ती चिकट आणि आंबट, रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी कोमट पाणी फवारून काढावी. मेण असलेल्या रिमवरून ती एका फडक्यात निघते, नसलेल्या रिमवर खरवडावी लागते.

आयर्न रिमूव्हरची बाटली संपल्यावर परत आणायची नाही, असं ठरलंय. त्या पैशात नवी रबरी पट्टी आणि व्हॉल्व्हच्या प्लास्टिकच्या टोप्या येतील. स्टीलच्या शोभेच्या टोप्या पितळी व्हॉल्व्हवर धरून बसतात आणि हवा भरताना पक्कड शोधावी लागते.